किरणोत्सर्गी कचरा कोणाच्या माथी?

भोर-वेल्ह्यातल्या माणसाला थायरॉईडचा कॅन्सर झाला, तर त्याला पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. तिथे आयोडीन-१३१ हे किरणोत्सर्गी औषध मिळते. पेशंट घरी परततो. मागे राहते वॉर्डातले सांडपाणी, हातमोजे, चादरी. असे उपचार आणि संशोधन वाढेल, तसे हा कचरा साठवायची जागाही वाढवावी लागेल. आमचा प्रश्न एवढाच की, त्याचा धोका कोणाच्या अंगावर येणार?

आंबेडकरी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. गावातले मेलेले ढोर ओढणे हे महारांवर जातीने लादलेले काम होते. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड. तिथे मार्च १९२७ मध्ये बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला आणि अशी हीन कामे सोडून देण्याचे आवाहनही केले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ साली आला. घाण कोणी उचलायची, हे ठरवणारी व्यवस्था मोडायला तीस वर्षे लागली.

त्याच १९२८ साली भोरजवळ भाटघरचे धरण पूर्ण झाले. पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामतीकडच्या उसाला गेले, जमिनी इथल्या बुडाल्या. पुढे वेल्ह्यात पानशेत आणि वरसगाव झाले, ते पुण्याच्या पाण्यासाठी. फायदा एकाचा आणि भार दुसऱ्याचा, हे या खोऱ्यांना शिकवावे लागत नाही.

काही मित्र म्हणतात, मग अणुकचऱ्याच्या साठवणुकीलाच विरोध करा. आम्हाला हे पटत नाही. आयोडीन-१३१ ची किरणोत्सर्गिता आठ दिवसांत निम्मी होते. ऐंशी दिवसांत ती सुमारे एक हजारांश उरते. म्हणून ते सांडपाणी टाक्यांत थांबवून मगच सोडतात. टेक्नेशियम-९९एम तर सहा तासांत निम्मे होते. कोबाल्ट-६० ला निम्मे व्हायला सव्वापाच वर्षे लागतात, सिझियम-१३७ ला तीस. असे वापरून झालेले स्रोत पुरवठादाराकडे किंवा अधिकृत केंद्राकडेच परत गेले पाहिजेत. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात घन कचऱ्यासाठी काँक्रीटचे खंदक आहेत. जागा पुरेशी आणि नोंद पक्की असेल, तर धोका आटोक्यात राहतो. जागा नाकारली म्हणून कचरा नाहीसा होत नाही, तो भंगारात जातो.

दिल्लीत नेमके हेच घडले. दिल्ली विद्यापीठातले कोबाल्ट-६० चे यंत्र १९८५ पासून पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. कामगारांनी ते तोडले. अनेक जण आजारी पडले, एकाचा जीव गेला. यंत्र वापरणारे प्राध्यापक होते, मेला तो भंगार कामगार. ब्राझीलच्या गोयानियात १९८७ साली बंद दवाखान्यातले सिझियमचे यंत्र भंगार वेचणाऱ्यांनी उचलले. तिथे चौघे दगावले. आपल्याकडे किरणोत्सर्गी कचऱ्याच्या सुरक्षित विल्हेवाटीचे नियम त्याच १९८७ सालचे आहेत. म्हणजे मायापुरी घडली, तेव्हा नियम तेवीस वर्षांचे होते. नियम होते, पण पडून असलेल्या यंत्राची आठवण कोणी ठेवली नव्हती.

म्हणून साठवण वाढवा, पण आमच्या अटींवर. बंद पडलेल्या प्रत्येक स्रोताची यादी लोकांसमोर ठेवा. डॉक्टर-तंत्रज्ञांच्या छातीवर किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला असतो. त्या खोल्या झाडणाऱ्या कंत्राटी कामगारालाही तो द्या, आणि त्याची मात्रा त्याला मराठीत सांगा. भंगार व्यवसायातल्या माणसाला धोक्याचे चिन्ह ओळखायला शिकवा.

विज्ञानाला आमचा विरोध नाही. विज्ञानाचा उरलेला भार पुन्हा जातीच्या उतरंडीने खाली ढकलण्याला आहे.

जय भीम!