भाडेकरूची पत

आपल्याकडे पत म्हणजे चार माणसांच्या तोंडची साक्ष. अमेरिकेंत मात्र ती वहींत उतरली. १८३७ च्या आर्थिक संकटांत पोळलेल्या लुइस टॅपननें १८४१ सालीं न्यूयॉर्क येथें व्यापाऱ्यांची पत कळविणारी पेढी काढली. १८९९ सालीं अटलांटा येथें वूलफर्ड बंधूंनीं गिऱ्हाइकें उधारी फेडतात कीं नाहीं, याची नोंद विकण्यास आरंभ केला. पुढें घरमालकही अशा नोंदी पाहूं लागले. परंतु ज्याच्याविषयीं लिहावयाचें, त्यालाच ती वही दिसत नसे! १९७० च्या कायद्यानें हा अन्याय बराच दूर झाला. अहवालावरून घर नाकारल्यास मालकानें तसें कळविलें पाहिजे. अर्जदारास अहवाल पाहून चूक दुरुस्त करून मागतां येते. १९८९ पासून तर सगळी पत एका आंकड्यांत मावूं लागली. तथापि त्या आंकड्यांत कर्जफेड मोजली जाते. वेळेवर दिलेलें भाडें बहुधा मोजलें जात नाहीं. वीस वर्षें नियमित भाडें भरणारा, पण कधींही कर्ज न काढलेला माणूस पतहीन ठरावा, हा न्याय आम्हांस उफराटा वाटतो. मालकास हमी हवी, हें रास्तच. पण भाडेकरूची खरी साक्ष त्याच्या भाडेपावत्याच देतील.