तळटीप : ‘मुंग्या गेल्या’

१. मुंग्या : टीव्हीच्या पडद्यावर चित्राऐवजी वळवळणारे काळे-पांढरे ठिपके. पालघर-बोईसर पट्ट्यात हा शब्द लहानथोरांच्या तोंडी होता, आणि त्याला कारण अंतर. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीहून सुरू झाले. तिथून बोईसर सरळ रेषेत सुमारे ९० कि.मी. प्रक्षेपणाच्या लहरी जवळजवळ सरळ जातात, क्षितिजापलीकडे क्षीण होतात. म्हणून उंच लोखंडी पाइपावर अँटेना, तोंड दक्षिणेला. एकजण कौलांवर, एकजण दारात, एकजण संचापुढे : ‘आलं का?’, ‘गेलं!’, ‘आता हलवू नका!’ मजकुरातील ‘बाबा वर, आम्ही खाली’ हे वाक्य त्या कसरतीचे आहे; आध्यात्मिक अर्थ काढू नये.

तारापूरच्या अणुकेंद्राची वीज १९६९पासून बाहेर जात होती, चित्र मात्र मुंबईहून यायचे. ‘आमची माती, आमची माणसं’, ‘गजरा’, ‘छायागीत’, रविवारी हिंदी चित्रपट. संच एकाचा, सतरंजी साऱ्या आळीची. ब्रिटनमध्ये फेब्रुवारी १९५७पर्यंत संध्याकाळी ६ ते ७ प्रक्षेपणच बंद असे, मुलांना निजवता यावे म्हणून. इथे बातम्यांसाठी चित्रपट थांबला की मुले शेजाऱ्यांकडेच पेंगत, आणि नायिका परत आली की त्यांना हलवून उठवले जाई.

लेखकाने पुढे या संध्याकाळींना ‘रंगीत’ म्हटले आहे. रंगीत प्रक्षेपण १९८२चे. तेव्हा तो शब्द लाक्षणिक समजावा. – संपा.