सोंगांचे आयुष्य

पैठणापासून गंगाखेडापर्यंतच्या गोदातटावर सोंग घेण्याची परंपरा फार प्राचीन आहे. एकनाथांनी (1533–1599) भारुडांतून आंधळा, बहिरा, जोशी, विंचू चावलेला संसारी अशी माणसे बोलती केली, आणि उत्सवाच्या अखेरच्या रात्री, देवाने निद्रिस्त होण्यापूर्वी, लळितात भालदार-चोपदारांपासून वासुदेव-गोंधळ्यापर्यंत एकेक सोंग सभेपुढे येऊन देवापाशी आपले मागणे मागू लागले. सोंग उतरले की तोच माणूस सकाळी पाभरीमागे चालू लागे. आणि अमुक सोंग अमुक घराने आणावयाचे, हा हक्क बहुधा पिढीजात असल्यामुळे, कोणी कोणते सोंग घ्यावे यावरून वाद माजण्यास फारसा अवकाशच राहत नसे.

रायरंदाचा रिवाजही असाच बांधीव. खाकी डगला घातलेला हा बहुरूपी काखेत कागदांचे भेंडोळे घेऊन बाजारात शिरे, एखाद्या सावकाराच्या नावाचे खोटे वॉरंट काढून जरबेने वाचू लागे, आणि सावकार क्षणभर खरोखरच गोरामोरा झाला की त्याच स्वरात यमके जुळवीत सगळ्या पेठेला हसवी. काही दिवस निरनिराळी सोंगे आणून झाली, की अखेरीस तो मूळ वेषात येई, घरोघर बिदागी मागे आणि पुढच्या गावाची वाट धरी.

याच्या उलट, केवळ परस्परांच्या इच्छेवर उभ्या राहिलेल्या नाटक मंडळ्यांचा इतिहास पाहावा. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली सांगलीस मराठी नाटकाला आरंभ केला. पुढे कंपन्या निघाल्या, गाजल्या आणि फुटल्या. 1880 साली उदयास आलेल्या किर्लोस्कर मंडळीतून 1913 साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे बाहेर पडले. त्यांनी काढलेल्या गंधर्व मंडळीतून काही वर्षांतच टेंबे आणि मागून बोडसही निघाले. आणि 1918 साली चिंतामणराव कोल्हटकर व मास्टर दीनानाथ यांनी किर्लोस्करांतूनच फुटून बळवंत संगीत मंडळी स्थापिली. प्रेक्षक तर तुडुंब होते. टिळक स्वराज्य फंडासाठी 1921 च्या जुलैत केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी होऊन ‘संयुक्त मानापमान’ नाटकात उभे राहिले, तेव्हा मुंबई लोटली होती. पण केशवरावांची मंडळी आणि गंधर्व मंडळी यांची ती एकी प्रयोगापुरतीच राहिली. नायक कोण, मालक कोण, आणि एकजण निघून गेला तर त्याची भूमिका कोणाची, हे प्रश्न ज्या मंडळीत दररोज नव्याने सोडवावे लागतात, तेथे स्नेहाची झीज उत्पन्नाच्या झिजेहून आधी होते, असे माझे मत आहे.

स्वेच्छेने जमलेल्यांची हीच गत आजच्या खेळांतही दिसते. इंग्लंडात एसेक्स विद्यापीठातील दोघा विद्यार्थ्यांनी 1978 साली संगणकाच्या पडद्यावर नुसत्या शब्दांनी सोंगे घेण्याचा खेळ रचला, आणि त्या जातीचे खेळ आज परभणी-सेलूच्या मुलांच्या हाती मोबाइलवर आहेत. रात्र-रात्र जागून एकत्र कथा रचणारे त्यांचे गट पाहता पाहता ओस पडतात. तेथे सोंग उतरविण्याची घटका कोणी नेमून दिलेली नसते. म्हणून कंटाळलेला मुलगा निरोप न घेताच नाहीसा होतो, आणि त्याच्या पात्रावर ज्यांची कथा टेकलेली असते ते हताश होऊन वाट पाहत राहतात. मुलांच्या चंचलतेला यात दोष देण्यात अर्थ नाही. कथेचा गळा त्या अनिश्चित प्रतीक्षेतच घोटला जातो.

सोंगांची घटका नेमलेली असूनही लळित अमर नव्हते. निजामशाहीत देवस्थानांच्या उत्सवांना इनाम जमिनींचा आणि रोख सालान्याचा आधार असे. हैदराबाद संस्थानातील जहागिरी 1949 साली खालसा झाल्या, आणि जेथे उत्सवाचा खर्च जहागिरीतून चालत होता तेथे सोंगांचा आधारही खचला. कुळांच्या दृष्टीने हा बदल न्याय्यच होता, हे निःशंकपणे म्हटले पाहिजे.

1954 साली मुंबई राज्यात राज्य नाट्य स्पर्धा सुरू झाली, आणि पुढे मराठवाडा महाराष्ट्रात आल्यावर परभणीलाही तिचे केंद्र मिळाले. कचेरीतले कारकून, शिक्षक, महाविद्यालयातील मुले या स्पर्धेसाठी जमतात, तालमी करतात, भांडतातही, आणि प्रयोग झाला की पांगतात. परंतु पुढल्या वर्षी प्रवेशिकेची तारीख जाहीर झाली की त्यांतलेच बरेचजण पुन्हा संहिता शोधू लागतात.