सात-बारा, पेन्सिल नोंद आणि संगणकाची खिडकी

शाळेचे जनरल रजिस्टर, हजेरीपट आणि निकालपत्रके संगणकावर घ्यायची ठरली, की आमच्याकडे येणारे शिक्षक बहुधा एकच प्रश्न विचारतात. डेटाबेस कोणता, हे त्यांना कोणीतरी आधीच सांगितलेले असते. प्रश्न असतो तो त्या डेटाबेसपुढे बसून काम करण्याच्या खिडकीचा. पीएचपीमायअॅडमिन घ्यावे की पीजीअॅडमिन? अॅक्सेस सोपे पडणार नाही का? काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची भीती वाटते, माऊसने भागेल असे काहीतरी सांगा. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यासाठी आम्हाला संगणकाच्या इतिहासात शिरावे लागते, आणि त्याही आधी तलाठ्याच्या दप्तरात.

छत्रपती संभाजीनगरच्या (पूर्वीच्या औरंगाबादच्या) परिसरात हे उदाहरण सहज पटते. १६१० मध्ये खडकी या नावाने हे शहर वसवणाऱ्या मलिक अंबरचे नाव जमीनमहसुलाच्या व्यवस्थेशी आजही जोडले जाते. पुढे मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे इथल्या जुन्या जमिनीचा शोध घ्यायचा तर १९५४-५५ च्या खासरा पत्रकापर्यंत जावे लागते. तिकडे मुंबई इलाख्यात अँडरसन या अधिकाऱ्याच्या महसुली लेख्यांच्या नियमपुस्तिकेने गावच्या नोंदवह्यांना १ ते २१ असे क्रमांक दिलेले होते. १९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १९६६ ची महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि १९७१ चे अधिकार अभिलेखाचे नियम यांनंतर सगळ्या राज्याचे गाव नमुने एकसारखे झाले.

सात-बारा हा शब्द त्या क्रमांकांतूनच आला. नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख : जमीन कोणाच्या नावावर, किती, कोणत्या बोज्यासह. नमुना बारा म्हणजे पिकांची नोंद. या मुळात दोन वेगळ्या नोंदी. दोन्हींत गट क्रमांक समान, म्हणून त्या एका कागदावर वर-खाली मांडता येतात. नमुना आठ-अ मध्ये हीच माहिती खातेदाराच्या बाजूने दिसते. तिथे दुवा जुळतो तो खाते क्रमांकाने. म्हणजे माहिती वेगवेगळ्या तक्त्यांत ठेवायची, प्रत्येक तक्त्यात ओळख पटवणारा एक क्रमांक ठेवायचा, आणि लागेल तेव्हा त्या क्रमांकाच्या आधारे तक्ते जोडून हवे ते चित्र तयार करायचे. शाळेतही हेच चालते. जनरल रजिस्टरचा क्रमांक हजेरीपटावर आणि निकालपत्रकावर असला, तर तीन वह्यांतून एका विद्यार्थ्याची पूर्ण माहिती काढता येते. नुसत्या नावावर भिस्त ठेवली, तर एका वर्गात दोन सुनीता जाधव निघतात आणि घोळ होतो.

आता आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. सात-बाराच्या उताऱ्यावर कोणी थेट खाडाखोड करून मालक बदलत नाही. जमीन विकली किंवा वारस लावायचे असले, तर आधी नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत, क्रमांक घालून नोंद होते. हितसंबंधितांना नोटीस जाते. तोवर सात-बारावर ती नोंद पेन्सिलने असे. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला की ती शाईने पक्की होई. आणि जुन्या मालकाचे नाव खोडत नसत, त्याला कंस करत. पन्नास वर्षांनी भाऊबंदकीचा वाद उभा राहिला तरी कंसातले नाव आणि फेरफार क्रमांक पाहून मागे मागे जाता येते. आता उतारा संगणकीकृत झाला, २०१८ पासून तो डिजिटल स्वाक्षरीसह मिळू लागला आणि पेन्सिल गेली. तरी उताऱ्यावर प्रलंबित फेरफाराचा उल्लेख असतो. ज्याच्या घरी जमिनीचा वाद झाला आहे, त्याला या एका ओळीची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

कॉडचे तक्ते आणि झ्लूफचे कोरे नमुने

संगणकात माहिती अशी तक्त्यांत ठेवावी हा विचार मात्र बराच उशिरा आला. १९६० च्या दशकात आयबीएमची आयएमएस ही प्रणाली अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळण्याच्या कामातून तयार झाली. तिच्यात माहिती झाडाच्या फांद्यांसारखी रचलेली असे. एखादा भाग शोधायचा तर कोणत्या फांदीवरून कुठे उतरायचे हे आज्ञावली लिहिणाऱ्यालाच ठाऊक असावे लागे. रचना बदलली की आज्ञावल्याही बदला.

जून १९७० मध्ये आयबीएमच्याच सॅन होजे येथील प्रयोगशाळेतील एडगर कॉड या गणितज्ञाने एक शोधनिबंध छापला. माहिती कुठे, कशी साठवली आहे याच्याशी वापरणाऱ्याला कर्तव्य असू नये. त्याच्यासमोर फक्त तक्ते असावेत, असे त्याचे म्हणणे. रिलेशनल या शब्दातला 'रिलेशन' हा अकरावीच्या गणितातला संबंध आहे : संच, त्यांचा कार्टेशियन गुणाकार आणि त्या गुणाकाराचा उपसंच. तक्ते एकमेकांशी जोडलेले असतात म्हणून रिलेशनल, असे अनेक पुस्तकांत लिहिलेले आढळते, ते बरोबर नाही. एकेक तक्ता हाच एक संबंध होय. कॉडला १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

या तक्त्यांना प्रश्न विचारायचे कसे? १९७४ मध्ये आयबीएममधील डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी सीक्वेल ही भाषा मांडली. त्या नावाची नोंदणी आधीच दुसऱ्या एका कंपनीकडे असल्यामुळे ती पुढे एसक्यूएल झाली. भाषा इंग्रजी वाक्यासारखी होती. पण ती शेवटी टंकायचीच होती.

दुसरे उत्तर आले ते अमेरिकेच्या दुसऱ्या टोकाहून. न्यूयॉर्कजवळच्या आयबीएमच्या वॉटसन संशोधन केंद्रात मोशे झ्लूफ यांनी १९७५ मध्ये 'क्वेरी बाय एक्झाम्पल', म्हणजे उदाहरण देऊन प्रश्न, ही पद्धत जाहीर केली. पडद्यावर कोरा तक्ता येई, वर रकान्यांची नावे. समजा विद्यार्थ्यांच्या तक्त्यात गावाच्या रकान्यात 'पैठण' लिहिले आणि नावाच्या रकान्यात 'पी' हे दाखवण्याचे चिन्ह टाकले, तर पैठणच्या सगळ्या मुलांची नावे मिळतील. त्यांचे गणिताचे गुणही हवे असतील, तर शेजारी निकालाचा कोरा तक्ता उघडायचा आणि दोन्ही तक्त्यांत रजिस्टर क्रमांकाच्या रकान्यात एकच नमुना आकडा भरायचा. दोन्हीकडे तोच आकडा, म्हणजे तोच विद्यार्थी, हे संगणकाने ओळखायचे. फॉर्म भरता येणाऱ्या कोणालाही हे जमावे. डेटाबेसच्या आज मिळणाऱ्या चित्रमय साधनांचे मूळ आम्ही इथे मानतो. १९८५ चे पॅराडॉक्स आणि १९९२ चे अॅक्सेस यांतील प्रश्न रचण्याच्या चौकटी झ्लूफच्या कोऱ्या तक्त्याच्याच वारसदार आहेत.

आपल्याकडे मात्र बहुतेकांची ओळख आधी झाली ती डीबेसशी. संगणकाच्या वर्गात पडद्यावर एक टिंब लुकलुकत असे, त्याला डॉट प्रॉम्प्ट म्हणत. डीबेस थ्री प्लसमध्ये 'असिस्ट' म्हटले की यादीतून निवड करता येई, पण हुशार विद्यार्थी तिला नाके मुरडत. 'ब्राउझ' ही आज्ञा दिली की सगळा तक्ता पडद्यावर पसरे आणि बाणांच्या कळांनी हव्या त्या चौकटीत जाऊन मजकूर बदलता येई. सोय मोठी होती. धोकाही तिथेच होता. बदललेल्या चौकटीत आधी काय होते याची नोंद कुठेच राहत नसे. पेन्सिल नाही, कंस नाही, फेरफार क्रमांक नाही.

खिडकी निवडताना

१९९८ मध्ये पीएचपीमायअॅडमिन आले आणि मायएसक्यूएलचा डेटाबेस ब्राउझरमधून चालवता येऊ लागला. पोस्टग्रेसाठीच्या पीजीअॅडमिनची सुरुवातही त्याच सुमारास झाली. २०१६ मध्ये ते पूर्ण नव्याने लिहून पीजीअॅडमिन ४ म्हणून प्रसिद्ध झाले. त्या कामात पुण्यातील अभियंत्यांचा मोठा वाटा आहे. डीबीव्हर हे अनेक प्रकारच्या डेटाबेसना चालणारे साधन. एसक्यूलाइट या एका फायलीत मावणाऱ्या डेटाबेससाठी डीबी ब्राउझर आहे. ही चारही विनामूल्य मिळतात. दिसायला सगळी सारखीच : डावीकडे तक्त्यांची यादी, उजवीकडे चौकटींची जाळी. रंग आणि चिन्हे पाहून निवड करणे व्यर्थ आहे.

आम्ही पहिली गोष्ट पाहतो ती ही, की जाळीतली चौकट बदलल्यावर पुढे काय होते. अॅक्सेसमध्ये त्या ओळीतून बाहेर पडलात की बदल आपोआप जतन होतो. पीएचपीमायअॅडमिनमध्ये चौकटीवर दोनदा टिचकी मारून बदल केला आणि एंटर दाबले की तोही गेला. पीजीअॅडमिन, डीबीव्हर आणि डीबी ब्राउझर मात्र बदल रोखून धरतात. 'जतन करा' म्हटल्याशिवाय तो पक्का होत नाही. ही त्यांची पेन्सिल. निकालाच्या धावपळीत तीन जण एकाच संगणकावर बसत असतील, तर पेन्सिल असलेलेच साधन घ्यावे असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरी गोष्ट फेरफार नोंदीची. प्रत्येक टिचकीमागे साधन एसक्यूएलची एक आज्ञा तयार करून डेटाबेसकडे पाठवत असते. ती आज्ञा ते आपल्याला दाखवते का? पीएचपीमायअॅडमिन ती छापून दाखवते, हा त्याचा मोठा गुण. डीबी ब्राउझरमध्ये तर साधनाने स्वतः पाठवलेल्या आज्ञांसाठी वेगळी पट्टीच आहे. माऊसने काम करता करता विद्यार्थी ती पट्टी वाचू लागतो, आणि सहा महिन्यांत भाषा शिकतो. जे साधन आज्ञा लपवते ते वापरणाऱ्याला कायमचे आपल्यावर अवलंबून ठेवते.

याच ओघात एक गंमत सांगण्यासारखी आहे. पीजीअॅडमिनमध्ये एखादा तक्ता उघडला आणि चौकटी बदलूच देत नाही, अशी तक्रार नवशिके करतात. साधन बिघडलेले नसते. त्या तक्त्याला ओळख पटवणारा रकाना, म्हणजे प्राथमिक की, ठरवून दिलेली नसते. मग कोणत्या सुनीता जाधवची ओळ बदलायची हे साधनाला कळणार कसे? ते नकार देते, आणि योग्यच करते. वर्गात हा नकार मुद्दाम घडवून दाखवावा. की म्हणजे काय हे त्याहून सोप्या रीतीने समजावता येत नाही.

मराठीचा प्रश्न मात्र खिडकीच्या पलीकडचा आहे. ओळखीच्या एका मुख्याध्यापकांनी १९९० च्या दशकाअखेरची शाळेची सीडी आमच्याकडे आणली होती. फॉक्सप्रोच्या फायली अगदी धडधाकट उघडल्या. डीबीएफची रचना साधी असल्याने आजची अनेक साधने त्या वाचतात. पण नावांच्या जागी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी होती. त्या काळी अनेक ठिकाणी मराठी अक्षरे फाँटच्या सोंगाने बसवत : साठवायचे इंग्रजी संकेत, वर फाँट मराठी. फाँट गेला की भाषा गेली. अशी माहिती परिवर्तकाने बहुतांशी सोडवता येते, आणि आम्ही ती सोडवलीही. खरे नुकसान वेगळ्या ठिकाणी होते. १९९१ पासून युनिकोडमध्ये देवनागरी आहे. पण मायएसक्यूएलची मूळ ठरलेली लिपी २०१८ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत लॅटिन होती. जुन्या मांडणीच्या अशा तक्त्यात मराठी नाव भरले, तर त्याच्या जागी प्रश्नचिन्हे साठवली जात. दाखवण्यात चूक झाली असती तर साधन बदलून सुधारता आली असती. इथे साठवतानाच नाव नाहीसे होते, आणि मग कितीही सुंदर खिडकी आणली तरी ते परत येत नाही.

अनुक्रमाचेही पाहा. युनिकोडमध्ये 'ळ' हा 'ल' च्या लगेच मागे आणि 'व' च्या आधी आहे. नुसत्या संकेतांच्या क्रमाने यादी लावली, तर काळे आधी आणि कावळे नंतर. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह' नंतर येतो, म्हणजे कावळे आधी हवेत. क्षीरसागर खरातांच्या आधी जाऊन बसतात ते वेगळेच. पोस्टग्रेने २०१७ च्या दहाव्या आवृत्तीपासून आयसीयू या संग्रहातील भाषानिहाय क्रम वापरण्याची सोय दिली. तिच्यातून मराठी क्रम निवडता येतो. ही निवड डेटाबेसमध्ये होते, खिडकी ती फक्त दाखवते.

एका शाळेपुरते काम असेल तर आम्ही एसक्यूलाइट आणि डीबी ब्राउझर सुचवतो. सगळा डेटाबेस एका फायलीत असतो. रोज संध्याकाळी ती पेनड्राइव्हवर उतरवता येते. एसक्यूलाइटच्या कर्त्यांनी ही फाइल-रचना २०५० पर्यंत सांभाळण्याचे जाहीर केले आहे. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा आधार त्याच्या कंपनीने २०१५ मध्ये काढून घेतला होता, हे ध्यानात घेतले की असल्या वचनाचे मोल कळते. पाच-सहा संगणकांवरून एकाच वेळी नोंदी करायच्या असतील, तर पोस्टग्रे आणि पीजीअॅडमिन. काहीही घेतले तरी आधी दहा नावांचा एक तक्ता करावा, त्यात काळे, कावळे, क्षीरसागर आणि दोन सुनीता जाधव घालावेत, एक नाव बदलून जतन न करता खिडकी बंद करावी, सगळा तक्ता सीएसव्ही फायलीत काढावा आणि ती साध्या नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. अर्ध्या तासाचे काम आहे. नववीच्या मुलांकडून करून घेता येते.