आरोप करणारा समोर येऊ दे!

आजची गोष्ट एका खटल्याची. यात आरोप करणारा माणूस कोर्टात आलाच नाही, आणि तरी आरोपीला फाशीची सजा झाली.

साल 1603. इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि जेम्स गादीवर आला. राणीचा लाडका दरबारी सर वॉल्टर रॅले याच्यावर राजद्रोहाचा आळ आला. स्पेनच्या पैशावर राजाला हटवायचा कट केला, असा. लंडनमध्ये प्लेग होता, म्हणून खटला चालला विंचेस्टरला, 17 नोव्हेंबरला.

पुरावा काय होता? मुख्य म्हणजे लॉर्ड कॉबहॅमचा लेखी जबाब. हा रॅलेचा मित्र, स्वतःही कटातला आरोपी. रॅले म्हणत राहिला, तो जिवंत आहे, इथेच कैदेत आहे, त्याला माझ्यासमोर आणा. न्यायाधीशांनी साफ नकार दिला.

सरकारी वकील एडवर्ड कुकने कॉबहॅमचं एक पत्र वाचलं: रॅलेला स्पेनकडून वर्षाला 1500 पौंड हवे होते. लगेच रॅलेने खिशातून कॉबहॅमचंच दुसरं पत्र काढलं: रॅले निर्दोष आहे! आता खरं कुठलं? कॉबहॅम पिंजऱ्यात असता तर विचारता आलं असतं. कागदाची उलटतपासणी कशी घेणार?

एक साक्षीदार मात्र हजर होता, एक खलाशी. त्याने काय सांगितलं? लिस्बनमध्ये कुणीतरी म्हणालं, की रॅले राजाचा गळा कापणार! आणि कुक तर रॅलेला साप, राक्षस म्हणत सुटला. गुन्हा सिद्ध होईना, तर माणूसच वाईट ठरवायचा.

ज्युरीने साधारण पंधरा मिनिटांत दोषी ठरवलं. राजाने शिक्षा लांबवली, रॅलेने टॉवर ऑफ लंडनमध्ये वर्षानुवर्षं काढली. शेवटी 1618 मध्ये त्याच जुन्या शिक्षेवर त्याचं डोकं उडवलं.

हा खटला लोकांच्या लक्षात राहिला. 1791 मध्ये अमेरिकेने साक्षीदाराला समोरासमोर विचारायचा हक्क घटनेत घातला. 2004 मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टापुढे पोलिसांनी टेप केलेला एक जबाब आला. साक्षीदार कोर्टात आली नव्हती. टेप चालणार नाही, असं कोर्टाने ठरवलं, आणि निकालात रॅलेची गोष्ट सांगितली.

आपल्याकडे 1872 च्या पुरावा कायद्यात उलटतपासणी आली. आरोपीचं वाईट चारित्र्य हा एरवी त्याच्याविरुद्ध पुरावा नाही, हेही आलं. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला, पण त्यातही या दोन्ही गोष्टी आहेत.

म्हणजे “तो आहेच तसला” हे वाक्य कट्ट्यावर चालतं, कोर्टात नाही. आणि हा नियम फक्त गुन्हेगारांना वाचवायला नाहीये. उद्या खोटा आळ तुमच्यावर आला, तर “समोर येऊन बोल” एवढं म्हणायचा हक्क तुम्हालाही लागेल. रॅलेला तो मिळाला नाही.

भेटू पुढच्या भागात!