बाटलीतला युरिया
* मूळ लेखातील या शब्दांमागे लेखकाच्या मनात इफ्को या खत सहकारी संस्थेचा द्रवरूप नॅनो युरिया आहे. गुजरातमधील कलोलच्या प्रयोगशाळेत तो घडला, 2021 मध्ये बाजारात आला. अर्ध्या लिटरची बाटली 45 किलोच्या गोणीची जागा घेते, हा इफ्कोचा दावा. हिशेब मांडून पाहावा : गोणीत 46 टक्के, म्हणजे सुमारे 20 किलो नत्र, 2021 च्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे जेमतेम 20 ग्रॅम होते. अतिसूक्ष्म कण पर्णरंध्रांतून आत शिरतात, वाया कमी जातात, हे मानले तरी हजारपटीची तफावत मला पटत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या प्रयोगांत, शिफारशीइतके नत्र दिलेल्या गव्हापेक्षा नॅनो युरिया फवारलेल्या गव्हाचे उत्पादन कमीच भरले. पेरणीवेळचे नत्र कमी करू नका, असे इफ्कोही सांगते. मूळ लेखात ही अट सुटली आहे.
— संपादक