नवगावचा नौकाभंग : बेने इस्राएल समाजाचे कथन आणि आत्मभान

कोकणातील बेने इस्राएल समाजाच्या उत्पत्तीविषयी परंपरेने सांगितली जाणारी कथा थोडक्यात अशी : पश्चिमेकडून आलेले एक गलबत अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यालगत फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, बुडालेल्यांची प्रेते नवगावीच पुरण्यात आली, आणि चीजवस्तूंबरोबर धर्मग्रंथही समुद्राने नेले. या कथेची चर्चा आजवर बहुधा तिच्या ऐतिहासिक सत्यासत्यतेपुरती झाली आहे. गलबत कोठून निघाले, कोणत्या शतकात आले, आले तरी का, हे तिच्यातले नेहमीचे प्रश्न. ते गैरलागू नाहीत. परंतु ही कथा कोणी, कोणाला आणि कशासाठी सांगितली हा प्रश्न त्यांच्याइतकाच महत्त्वाचा आहे. श्रोता बदलला तसे कथेचे कार्य बदलले, आणि त्या बदलांतूनच या समाजाचे आत्मभान आकाराला आले.

कथेचा पहिला श्रोता म्हणजे शेजारी. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारा व शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज कुलाबा जिल्ह्यात ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखला जाई. भाषा मराठी, पेहराव मराठी, आडनावे रोहेकर, पेणकर, दिवेकर, केहिमकर अशी गावांवरून पडलेली. जातिव्यवस्थेत प्रत्येक ज्ञातीला आपल्या वेगळेपणाचा खुलासा करणारी कथा लागते. तशी ती यांनाही लागली. समुद्राने किनाऱ्यावर आणलेल्या चौदा प्रेतांना परशुरामाने सजीव केले, ही चित्पावनांची उत्पत्तिकथा सर्वपरिचित आहे. सात जोडप्यांची संख्याही चौदाच होते, हे साम्य अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे. कोणी कोणाकडून घेतले हा वाद बाजूला ठेवला तरी दोन्ही कथांमधला भेद लक्षणीय आहे. परशुरामाच्या कथेत मृत उठतात आणि शुद्ध होतात. नवगावच्या कथेत चमत्कार नाही. मृत मृतच राहतात, त्यांचे दफन होते, आणि पुढील वंश वाचलेल्यांचा असतो. एकीचा शेवट शुद्धीत आहे, तर दुसरीत हानी भरून न निघता स्मरणात राहते.

या हानीतला मर्माचा भाग ग्रंथांचा आहे. यहुदी धर्म हा ग्रंथाभोवती उभा असलेला धर्म. त्याच्या अनुयायांनी आपल्यापाशी ग्रंथ का नाही हे सांगण्यासाठी रचलेली, निदान जपलेली, ही कथा आहे. उरले ते शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. दावीद राहाबीची कथा याच धाग्याला जोडलेली आहे. त्याचा काळ कोणी सहस्रभर वर्षांपूर्वीचा मानतात, तर कोणी त्याचा संबंध कोचीनच्या अठराव्या शतकातील राहाबी घराण्याशी लावतात. हे लोक खरोखर यहुदी आहेत का याची परीक्षा घेण्यासाठी त्याने स्त्रियांना मासळी दिली. पर आणि खवले असलेली तेवढी त्यांनी निवडून घेतली, आणि त्याची खात्री पटली. ज्या परंपरेत ज्ञानाचे अधिष्ठान ग्रंथ व पुरुष पंडित हे होते, तिच्यात येथे स्वयंपाकघरातील निवड हा पुरावा ठरतो. ग्रंथ गेल्यावर धर्म कोठे राहिला, याचे हे या समाजाने स्वतःच दिलेले उत्तर होय.

एकोणिसाव्या शतकात ग्रंथ परत आला, पण तो मराठीचा हात धरून. मुंबईत 1796 साली सामुएल इझिकिएल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले होते. पुढे मिशनऱ्यांच्या शाळांतून मराठी बायबल आले. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. धर्मांतरासाठी दिलेले हे साधन समाजाने आपल्या धर्माकडे परतण्यासाठी वापरले. वल्हांडणाच्या रात्री वाचावयाची हग्गादा 1846 मध्ये मुंबईत, व 1874 मध्ये पुण्यात सचित्र अशी, मराठी भाषांतरासह छापली गेली. मिसरमधून सुटकेची कथा मुलांना सांगणे हेच या ग्रंथाचे प्रयोजन. पुण्याच्या आवृत्तीतील एका चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसल्या आहेत. मिसरमधून सुटलेले ‘आम्ही’ कोण, हे त्या चित्राने ठरवून टाकले. जोसेफ इझिकिएल राजपूरकर यांच्या भाषांतरांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. 1880च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तने सुरू झाली आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची चरित्रे साकी, दिंडी, ओवी यांच्या चालींवर गायिली जाऊ लागली. याला केवळ अनुकरण म्हणणे अपुरे ठरेल. दूरच्या धर्मकथेला आपली म्हणण्यासाठी या समाजाने आपल्यापाशी असलेला सर्वांत सामूहिक असा श्रवणप्रकार योजिला.

त्याच सुमारास कथेला नवा श्रोता मिळाला : जगभरचे यहुदी आणि इंग्रजी वाचक. हाईम सामुएल केहिमकर यांनी 1897 मध्ये पूर्ण केलेला आणि 1937 मध्ये तेल अवीव येथे प्रसिद्ध झालेला इंग्रजी इतिहास त्याच्यासाठी आहे. येथे कथा कालगणना मागते. केहिमकरांनी आगमनाचा काळ इसवी सनापूर्वी 175च्या आसपास धरला. त्यानंतरच्या घटनेतून निघालेला हनुक्का हा सण समाजाला ठाऊक नव्हता, ही त्यांची एक मुख्य भिस्त. ज्या उणिवेबद्दल संकोच वाटावा तिलाच त्यांनी प्राचीनतेचे प्रमाण केले. युक्तिवाद निर्णायक नसेल. पण कथेचे रूपांतर दाव्यात कसे होते याचा तो उत्तम नमुना आहे.

दाव्याची खरी कसोटी इस्राएलमध्ये लागली. 1962च्या फेब्रुवारीत तेथील मुख्य रब्बिनेटने बेने इस्राएलांशी विवाह नोंदवताना मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असे निर्देश दिले. ज्यांची मूळ कथाच ग्रंथ बुडाल्याची, त्यांच्याकडे वंशाची प्रमाणे मागितली गेली. 1964च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये निदर्शने झाली. क्नेसेटने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले, आणि निर्देशांतून त्याचे नाव वगळण्यात आले. हा निकाल नवगावच्या गलबताविषयी नव्हता. कथा सिद्ध झाली नाही. ती सांगणारे एकत्र उभे राहिले. 2016 मधील एका जनुकीय अभ्यासाने या समाजात यहुदी व भारतीय असे दोन्ही वंशांश दाखवले. तरीही सात जोडप्यांची कथा त्याने खरी किंवा खोटी ठरत नाही.

समाजाचा फार मोठा भाग आता इस्राएलमध्ये आहे आणि तेथील नव्या पिढीची भाषा हिब्रू आहे. तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक निघाले, कीर्तनेही झाली; पण या कथनाचा मूळ श्रोता, मराठी कानाचा, विरळ होत चालला आहे. नवगावला ग्रंथ गेले आणि कथा उरली. हिब्रू ग्रंथ हाती असताना ही कथा ज्या भाषेत घडली ती भाषाच ओसरू लागली, तर तिच्यातील कोणता अर्थ उरेल, हा प्रश्न बेने इस्राएलांइतकाच मराठी वाङ्मयेतिहासाचाही आहे. हग्गादेची भाषांतरे आणि कीर्तनांच्या संहिता यांना त्या इतिहासात अद्याप पुरते स्थान मिळालेले नाही.